पुढचे टायर कडांनी गेले, ॲव्हरेज पडलं: यात हवेचा वाटा किती?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे वाईचे. पेट्रोलवरची हॅचबॅक, २८,००० किमी झालेली, आठवड्यातून दोन-तीनदा पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर चारही चाकांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सांगतो. हे दीड-दोन महिन्यांनी पंपावर ३५ भरून घेतात. तरी पुढच्या दोन्ही टायरच्या कडा झिजल्यात, मधली नक्षी अजून शिल्लक आहे. ॲव्हरेज १८ वरून साडेपंधरावर आलंय. टायरवाला म्हणाला, "हवा कमी ठेवता." मित्र म्हणतो, ३८ ठेव, ॲव्हरेज वाढेल, आणि साधी हवा सोडून नायट्रोजन मार. कुणाचं ऐकायचं, आणि आता पुढचे दोनच टायर बदलले तर चालेल का?

मी महामार्गावर टायर आणि अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, काम करतो. कार येतात, तशाच बारा-चौदा टायरी गाड्याही. हा प्रश्न या ना त्या रूपात रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या टायरवाल्याचं अर्धं बरोबर आहे. कडा झिजण्यात हवेचा हात आहे, पण एकट्या हवेचा नाही, घाटही त्यात वाटेकरी आहे. ॲव्हरेज अडीच किलोमीटरनी पडलंय ते मात्र बहुतांशी हवेमुळे पडलेलं नाही. ते दुखणं वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. मित्राचं ३८ चं म्हणणं सोडून द्या.

गाडीचं वजन टायर पेलतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वजन पेलते ती आतली हवा. एका चाकावर ३०० किलो भार धरा. ३३ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकणारा भाग येतो १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक, वळण, चढ, सगळं त्या चार तळहातांवर चालतं. हवा कमी झाली की तोच भार पेलायला टायर जास्त जागा टेकवतो. बाजूची भिंत वाकते, तिच्यालगतच्या कडांवर दाब वाढतो आणि मधला भाग थोडा उचलल्यासारखा हलका होतो. कडा आधी जातात त्या यामुळे.

आता इंधन. ताशी ८० च्या वेगाला तुमच्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं. म्हणजे टायरच्या रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला बारा वेळा रस्त्यावर दाबला जातो आणि पुन्हा मोकळा होतो. रबर दाबायला जितकी ताकद लागते तितकी ते सुटताना परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. बाइंडिंगची तार पुढे-मागे वाकवून तोडताना बोटांना चटका बसतो ना, तोच प्रकार. हवा कमी तितकं वाकणं जास्त, वाकणं जास्त तितकी उष्णता जास्त, आणि ती उष्णता येते तुमच्या पेट्रोलमधून.

हे किती? इथे लोक वाटेल ते आकडे फेकतात. कारच्या टायरला नेहमीच्या पट्ट्यात, म्हणजे २४ ते ३६ पीएसआयच्या दरम्यान, एक पीएसआय हवा कमी झाली की टायरचा लोळण्याचा विरोध, म्हणजे या वाकण्यामुळे फिरायला होणारा अडथळा, साधारण १.४ टक्क्यांनी वाढतो. पण हा विरोध म्हणजे इंजिनवरच्या ओझ्याचा फक्त एक भाग. हवेला कापत जाणं, ब्रेकमध्ये वाया जाणारी गती, खुद्द इंजिनातली उष्णता हे सगळं वेगळंच. त्यामुळे विरोध दहा टक्के वाढला तर पेट्रोल एक ते दोन टक्केच जास्त लागतं. अमेरिकन सरकारचा ऊर्जा विभाग लोकांना सांगतो तो आकडाही याच्याशी जुळतो: चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी म्हणजे ॲव्हरेजमध्ये ०.२ टक्के घट.

तुमच्या गाडीला लावून बघू. चारही टायर पाच पीएसआयने कमी आहेत असं धरलं तरी घट होते एक टक्का. १८ चं १७.८. वर्षाला १४,००० किमी चालवलंत तर पावणेआठ-आठ लिटर पेट्रोल, लिटरला १०५ रुपये धरले तर आठशेच्या आसपास रुपये. कमी नाहीत, पण अठरावरून साडेपंधरा म्हणजे चौदा टक्के. हवेच्या नावावर एवढं बिल फाडायचं तर टायर जवळजवळ बसलेले असायला हवेत, आणि ते तुम्हाला स्टिअरिंगवर लगेच जाणवलं असतं.

टायरचं नुकसान याहून मोठं असतं आणि त्याकडे कुणी बघत नाही, कारण ते पंपावर दिसत नाही. आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की हवा जितके टक्के कमी, टायरचं आयुष्य साधारण तितके टक्के कमी, आणि वीस टक्क्यांच्या पुढे गेलात की घसरण त्याहून जोरात. पाच पीएसआय कमी म्हणजे ३३ चे पंधरा टक्के. पाच-पाच हजारांचे चार टायर ४५,००० किमी चालणार असतील तर किलोमीटरला ४४ पैसे पडतात. तेच ३८,००० ला गेले तर ५२ पैसे. वर्षाच्या १४,००० किमीला साडेअकराशे रुपये. म्हणजे पेट्रोलमध्ये गेले त्याहून जास्त पैसे रबरात गेले. कारवाल्याने हवेकडे लक्ष द्यावं ते आधी टायरसाठी, मग पेट्रोलसाठी.

ट्रकचा हिशोब उलटा आहे. वर्षाला एक लाख किमी चालणारी आणि लिटरला चार देणारी गाडी पंचवीस हजार लिटर डिझेल पिते. सगळे टायर दहा पीएसआयने कमी असले तर अर्धा ते एक टक्का डिझेल जास्त जातं. एक टक्का म्हणजे अडीचशे लिटर, बावीस-तेवीस हजार रुपये, एका गाडीचे. पन्नास गाड्यांचा मालक स्वतंत्र टायरमन पगारावर ठेवतो तो उगाच नाही. तरीही ट्रकवाल्याचं खरं दुखणं मागे जोडीने बसवलेल्या टायरपैकी आतल्या टायरमध्ये असतं. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून कुणी तो तपासत नाही. ड्रायव्हर टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकून आवाज ऐकतो. त्याने पंक्चर कळतं, ११० आहे की ९० हे नाही कळत. आतला मऊ पडला की बाहेरचा एकटा भार घेतो. शिवाय मऊ टायर तापून त्याचा केसिंग, म्हणजे नक्षीखालचा सांगाडा, सैल पडतो आणि मग रिट्रेडिंगला कुणी घेत नाही. नक्षी गेली तर पुन्हा चढवता येते, केसिंग गेला की टायर भंगारात.

असो, तुमच्या गाडीकडे येऊ. तुम्ही ३५ भरता, मग हवा कमी कशी?

स्टिकरवरचे ३३ हे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी तीन-चार तास उभी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर सावकाश चाललेली, आणि उन्हात तापत ठेवलेली नाही. घाट उतरून, ब्रेक मारत, मग वाईच्या अलीकडे-पलीकडे पंपावर थांबलात की टायर तापलेले असतात आणि आतला दाब तीन ते पाच पीएसआयने वर गेलेला असतो. त्या वेळी यंत्राने ३५ दाखवले म्हणजे रात्रभर थंड झाल्यावर सकाळी ३० ते ३२. त्यात पंपावरचा गेज. रोज शेकडो वेळा आपटला जाणारा तो गेज दोन-तीन पीएसआयने खोटं बोलला तर आश्चर्य नाही. टायर चांगला असला तरी रबरातून महिन्याला एक ते दोन पीएसआय हवा झिरपतेच. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पंपावर जाईपर्यंत तुम्ही २८ च्या आसपास फिरत असणार. समाधान पस्तीसचं, गाडी अठ्ठावीसवर.

यात ऋतूही भर घालतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की ३३ च्या टायरमधून सुमारे दीड पीएसआय कमी होतात, हवा अजिबात न गळता. मे महिन्यातल्या सकाळी तीस अंशाला बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या दहा अंशांच्या सकाळी तीन पीएसआयने कमी भरते. निफाडकडचे द्राक्षवाले थंडीत पारा पाच अंशांखाली गेला की बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांच्या गाड्यांच्या टायरला त्याच रात्री किती फरक पडतो ते बघायला कुणी जात नाही. थंडी सुरू झाली की एकदा, आणि उन्हाळा लागला की एकदा, हवा नव्याने लावून घ्या.

घाटावर गेल्यावर हवा वाढते असं काही जण सांगतात, त्यात तथ्य आहे पण थोडं. वाईहून महाबळेश्वरला तुम्ही सहाशेवर मीटर वर चढता, बाहेरचा हवेचा दाब घटतो आणि गेज साधारण एक पीएसआय जास्त दाखवतो. वर थंडीही जास्त असते, ती त्यातला बराच भाग खाऊन टाकते. तुम्ही विचारात न घेतलं तरी चालेल. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांचं वेगळं. लेहच्या साडेतीन हजार मीटरवर गेज समुद्रसपाटीच्या तुलनेत पाच पीएसआयच्या आसपास जास्त दाखवू शकतो, आणि तिथे हवा काढून खाली परत आलेली माणसं इकडे मऊ टायरवर फिरतात.

पुढच्या टायरची झीज नीट वाचली तर बरंच कळतं. आधी मागचे टायर बघा. चारही चाकांत हवा सारखीच कमी राहिली असेल तर मागच्यांच्याही दोन्ही कडा थोड्या तरी झिजलेल्या दिसतील. मागे नक्षी सपाट, एकसारखी असेल आणि फक्त पुढेच कडा गेल्या असतील, तर पसरणी घाटाकडे बोट जातं. तुमच्या गाडीत पुढचीच चाकं ओढतात, तीच वळतात, ब्रेकचा बहुतेक भार तीच घेतात, इंजिनाचं वजनही त्यांच्यावरच. नागमोडी घाटात प्रत्येक वळणाला बाहेरच्या चाकाची बाहेरची कड रस्त्यावर घासली जाते. हवा अगदी अचूक ठेवली तरी घाटातली गाडी पुढच्या बाहेरच्या कडा खातेच. हवा कमी असताना आतली आणि बाहेरची कड साधारण सारखी जाते, घाटामुळे बाहेरची जास्त जाते. तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र असणार असा माझा कयास आहे, कारण मऊ टायर वळणात आणखीच मुडपतो.

एकच कड गेली असती, विशेषतः आतली, तर मी हवेचं नावही काढलं नसतं. ते अलाइनमेंटचं काम. मग तळहात नक्षीवरून आडवा फिरवायचा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून बघता चाकाचं आत-बाहेर तिरकं असणं, बिघडलाय. टो बिघडणं फार महागात पडतं. चाक जाण्याच्या दिशेपासून फक्त एक अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते सतरा मीटर आडवं घासलं जातं. एवढं तिरकं क्वचित असतं, पण याचा पाचवा हिस्सा तरी असतोच खड्ड्यांच्या रस्त्यावर, आणि तेवढ्यानेही दहा हजार किलोमीटरमध्ये टायर पस्तीस किलोमीटर आडवा रगडला जातो. असा टायर हवा कितीही सांभाळली तरी वाचत नाही. जागोजागी खळगे पडल्यासारखी झीज असेल तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघायचं.

मधली नक्षी जाणं म्हणजे हवा जास्त, हे पुस्तकी वाक्य आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. जुन्या नायलॉन टायरला ते लागू होतं. हल्लीच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी पट्टा असतो, तो टायरला सहजासहजी फुगू देत नाही. त्यामुळे चार-पाच पीएसआय जास्त हवा ठेवणाऱ्याच्या टायरमध्येही मधली झीज लगेच दिसत नाही, आणि त्याला वाटतं आपलं चाललंय ते बरोबर. नुकसान दुसरीकडे होत असतं.

मित्राच्या ३८ ला मी नको म्हणतो ते यामुळे. पाच पीएसआय वाढवून हाती लागतो तो फार तर एक टक्का. त्याच्या बदल्यात टेकणारी जागा घटते, आणि ओल्या घाटात ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा ती जागाच कामाला येते. कडक टायर खड्डा गिळत नाही, तो धक्का रिमला आणि सस्पेन्शनला देतो. पावसाळ्यात खड्ड्यात आपटून भिंतीला फुगा आलेले टायर दुकानात येतात. मऊ टायर रिमला चिमटून फुटतो, कडक टायर धार लागली की आतले दोरे तोडून घेतो. फुगा आला की दुरुस्ती नाही, टायर बाद. पाच माणसं आणि डिकी भरून लांब जायचं असेल तर त्याचा वेगळा आकडा स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, बहुतेक वेळा मागच्या चाकांना जास्त. तो जरूर पाळा. आणि टायरच्या भिंतीवर कोरलेला ४४ किंवा ५१ पीएसआयचा आकडा म्हणजे टायर सोसू शकेल ती कमाल मर्यादा. तो भरायचा आकडा नव्हे. त्यावरून हवा मारणारे पंक्चरवाले अजून आहेत.

कमी हवेची आणखी एक बाजू पावसाची. रस्त्यावर पाणी साचलं की टायर ठरावीक वेगाच्या पुढे पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं. विमानांच्या टायरवर नासाने जे काम केलं त्यातून एक सूत्र आलं. हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९६ किमीच्या आसपास निघतो, २२ पीएसआयला ७८. कारचे टायर, नक्षीची खोली, पाण्याचा थर यांनी हे आकडे बदलतात, पण दिशा बदलत नाही. जुलैमध्ये एक्स्प्रेसवेवर सगळे ज्या वेगाने जात असतात तो या दोन आकड्यांच्या मधला आहे.

आणि उन्हाळ्यात उष्णता. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, बराचसा काँक्रीटचा, सरळ, आणि कारला ताशी १२० ची परवानगी. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी त्या काँक्रीटवर २४ पीएसआयचा टायर तासभर १२० ने चालवणं म्हणजे भिंतीच्या आतले थर सुटायला निमंत्रण. गावात फिरताना तोच टायर काही करणार नाही, कारण थांबत-थांबत चालताना त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. लोक म्हणतात, हवा कमी ठेवा, तापल्यावर आपोआप वाढते, नाहीतर टायर फुटतो. हे नेमकं उलटं आहे. चांगला टायर चार-पाच पीएसआय वाढल्याने फुटत नाही, ते धरूनच तो बनवलेला असतो. फुटतो तो कमी हवेवर वाकून-वाकून तापलेला. त्यामुळे वाटेत ढाब्यावर थांबून तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नका.

अमेरिकेत याचं मोठं उदाहरण झालं. फोर्ड एक्सप्लोरर गाडीवरच्या फायरस्टोन टायरची नक्षी चालत्या गाडीत सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, आणि ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. टायरच्या बनावटीत दोष होते, पण वादात एक मुद्दा हवेचाही होता. फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय सांगितले होते, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवेत. त्याच वर्षी कायदा आला आणि पुढे तिथल्या सगळ्या नव्या कारमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला.

तो दिवा आता आपल्याकडच्या गाड्यांतही येतो, म्हणून त्याबद्दल दोन गोष्टी. अमेरिकन नियमाप्रमाणे तो शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागतो. ३३ च्या गाडीत म्हणजे २५ च्याही खाली गेल्यावर. तोवर वर सांगितलेलं सगळं नुकसान निमूटपणे होत राहतं. दुसरं म्हणजे काही गाड्यांमध्ये टायरच्या आत सेन्सर नसतोच. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून एखादं चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने फिरतंय का एवढंच गाडी बघते. चारही टायर महिन्याला सारखे-सारखे बसत गेले तर तिला काही वेगळं दिसत नाही. दिवा पंक्चरसाठी चांगला, हवा सांभाळायला नाही.

तेव्हा तीन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी काढायच्या आधी, चारही चाकं आणि स्टेपनी मोजा. समजा पुढचं २८ निघालं. हवे ३३, म्हणजे पाच कमी. आता पंपावर जाईपर्यंत टायर तापला आणि तुमचाच गेज तिथे ३१ दाखवतो. भरायचे पाचच, म्हणजे ३६ वर थांबायचं. तापलेल्या टायरला ३३ वर आणून सोडलंत तर उद्या सकाळी पुन्हा तीस. पंपावर हवा फुकट देणं त्यांना बंधनकारक आहे, संकोच करू नका. व्हॉल्व्हची टोपणं बसवून घ्या. टोपण नसलं की धूळ आत जाते आणि पिन गळायला लागते.

नायट्रोजनचं विचारलंत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा कमी झिरपतो, हे खरं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने ३१ प्रकारच्या टायरमध्ये ३० पीएसआय भरून ते न चालवता वर्षभर नुसते ठेवले, तेव्हा साध्या हवेचे सरासरी ३.५ पीएसआय गेले आणि नायट्रोजनचे २.२. वर्षात सव्वा पीएसआयचा फरक. ॲव्हरेज वाढणं, टायर न तापणं, दाब न वाढणं हे सगळं विकणाऱ्याचं बोलणं. विमानात तो वापरतात त्याची कारणं आगीची आणि ओलाव्याची आहेत, पसरणी घाटाची नाहीत. फुकट मिळाला तर घ्या. त्यासाठी हवा बघायची टाळत असाल तर तोटाच. आणि नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही.

आता तुमचं ॲव्हरेज. चौदा टक्क्यांतला एक टक्का हवेचा, टो बिघडला असेल तर आणखी थोडा. बाकीचं शोधायला सोपी तपासणी अशी: फारसा ब्रेक न मारता दहा किलोमीटर चालवा, थांबा, आणि चारही रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून हे फार होतं, आणि पेट्रोल असं जातं की कळतही नाही. एअर फिल्टर बघा. पूर्वी १८ मोजलं ते महामार्गावर की घाटात, ते आठवा. पेट्रोलही बदललंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-१० (दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल) वरून ई-२० (वीस टक्के) वर आल्यावर लिटरमागची ऊर्जा साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. ते तुमच्या टायरच्या माथी मारू नका.

एक गंमत आताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मला दोष देणार नाही. नवे टायर बसवलेत की ॲव्हरेज आणखी थोडं पडलेलं दिसेल. नव्या टायरवर सात-आठ मिलिमीटर नक्षी असते, जाड रबर जास्त वाकतं, म्हणून विरोध जास्त. शिवाय घासलेला टायर व्यासाने लहान झालेला असतो, त्याला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घ्यावे लागतात आणि मीटर किलोमीटर जास्त मोजतो. पाच मिलिमीटर झीज म्हणजे दीड-पावणेदोन टक्के. जुन्या टायरवरचं थोडं ॲव्हरेज मुळात खोटंच होतं.

पुढचे दोनच टायर बदलायला माझी हरकत नाही, मागच्यांची नक्षी चांगली असेल तर. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी तिथवर आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने त्याखाली चालवता येत नाही. घाटात आणि पावसात मी तीनला बदला म्हणेन. आणि मोजायची ती मध्ये नव्हे, जिथे सगळ्यात कमी आहे तिथे, म्हणजे तुमच्या बाबतीत कडेला. नवी जोडी मात्र मागे बसवा आणि मागची पुढे आणा. दुकानात सगळे उलटं मागतात, ओढणारी चाकं पुढची म्हणून. ओल्या वळणावर पुढचे टायर सटकले तर गाडी सरळ जाऊ पाहते, पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागचे सटकले तर गाडी फिरते, आणि पसरणी घाटात फिरायला जागा नाही. बसवताना व्हॉल्व्हही नवे टाका, अलाइनमेंट करून घ्या, आणि इथून पुढे दर आठ-दहा हजारांना पुढचे-मागचे अदलाबदल करा. २८,००० पर्यंत एकदाही रोटेशन झालं नसेल तर कडा एवढ्या जाण्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.